परका पैसा, परके पदक आणि आपला चित्रपट

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊबीज आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते; लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा दंडार रंगते आणि रात्री नाटकाचा मांडव गजबजतो. अशाच एका गावी, नाटकास अजून अवकाश होता म्हणून ओसरीवर बसलेल्या चारचौघांत ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाचा विषय निघाला. सेवानिवृत्त मुख्याध्यापक असलेले एक वृद्ध गृहस्थ तावातावाने म्हणाले, “इंग्लंड-कॅनडाच्या पैशाने काढलेला चित्रपट मराठी कसा म्हणावयाचा हो? भाषा तेवढी आपली, बाकी सारे त्यांचे!” त्यावर शेजारी बसलेले तरुण वकील उसळून म्हणाले, “गुरुजी, अमेरिकेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले आहे. तेथले परीक्षक काय वेडे आहेत?” वाद पुष्कळ रंगला. शेवटी आम्ही दोघांनाही विचारले, की आपण तो चित्रपट पाहिला आहे काय? दोघेही एकदम गप्प झाले. तेवढ्यात पान लावीत बसलेले घरचे यजमान शांतपणे म्हणाले, “आपल्याकडे कुठी लागला जी तो पिक्चर?”

त्या रात्रीच्या सगळ्या वादात मुद्द्याचे वाक्य हे एवढेच होते, असे आमचे मत आहे. गुरुजींचा पक्ष आणि वकिलांचा पक्ष वरवर एकमेकांचे वैरी दिसतात. वस्तुतः ते सख्खे भाऊ आहेत. एक परक्याचा पैसा पाहून चित्रपट टाकून देतो, दुसरा परक्याचे पदक पाहून तो डोक्यावर घेतो. परंतु निवाडा करण्याचा अधिकार दोघांनीही परक्याच्याच हाती दिलेला आहे. स्वतः पाहावे, स्वतः पारखावे आणि मग आपले म्हणावे किंवा नाकारावे, हा तिसरा मार्ग दोघांसही सुचत नाही. हे दोन्ही पक्ष आज सुशिक्षित घराघरांत बोलत असल्यामुळे त्यांचा थोडा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम चित्रपटाविषयी. ‘साबर बोंडं’ हा रोहन परशुराम कानवडे या तरुण दिग्दर्शकाचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सन्डान्स महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला आणि जगभरच्या कथाचित्रपटांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळविले. त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्या देशात प्रदर्शित झाला. निर्मितीच्या नोंदीत भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशी तीन देशांची नावे आहेत. खर्च बेताचा, नटमंडळी फारशी परिचित नसलेली, आणि पार्श्वसंगीत तर मुळीच नाही. कथा दोन वाक्यांत सांगता येते. मुंबईत नोकरी करणारा आनंद नावाचा तिशीतला मुलगा वडील वारले म्हणून आईबरोबर आपल्या मूळ गावी येतो आणि सुतकाचे दहा दिवस तेथे काढतो. नातेवाईक त्याच्या लग्नाची चौकशी करून त्यास भंडावून सोडतात, आणि बाळ्या नावाचा बालपणीचा एक शेतकरी मित्र त्यास पुन्हा भेटतो. या दोघांतील ओढ मैत्रीच्या पलीकडची आहे. शेवट सांगून आम्ही कोणाचा रसभंग करीत नाही.

आता पहिला आक्षेप: पैसा परका, म्हणून चित्रपट परका. हा नियम खरा मानला तर मराठी चित्रपटाच्या इतिहासावर पाणीच सोडावे लागेल. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेस गेले ते कशासाठी? तेथून त्यांनी विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला. कच्ची फिल्मही परदेशचीच. आणि त्या सामग्रीवर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. कॅमेरा विलायती म्हणून तारामती विलायती झाली, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९२५ सालचा ‘प्रेम संन्यास’ हा बुद्धचरित्रावरील चित्रपट हिमांशु राय यांनी म्युनिकच्या एका कंपनीच्या भागीदारीने काढला आणि फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या मदतीने पुरा केला. हेच ऑस्टेन पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आले, आणि १९३६ सालच्या ‘अछूत कन्या’चे दिग्दर्शन त्यांनीच केले. छायालेखकही जर्मन होता. तरी त्या चित्रपटातील अस्पृश्यतेचे दुःख जर्मनीचे होते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? आमच्या प्रभात कंपनीने १९३३ सालच्या ‘सैरंध्री’स रंग चढविण्यासाठी फिल्म जर्मनीस पाठविली होती. रंग मनासारखा उतरला नाही ही गोष्ट वेगळी. परंतु प्रभातचे मराठीपण त्या प्रवासात कोठे हरवले नाही.

सारांश, चित्रपट हा धंदा जन्मापासूनच अनेक देशांच्या भांडवलावर आणि कौशल्यावर चाललेला आहे. कविता लिहावयास कागद आणि दौत पुरते. चित्रपटास यंत्रे, माणसे, प्रयोगशाळा आणि महिनोन् महिने पोट भरण्याची तरतूद लागते. ती घरी झाली तर उत्तमच. पण घरी ती होते काय? धंदेवाईक भांडवलदार प्रसिद्ध नट आणि चार गाणी यांची हमी मागतो. राज्य सरकारचे अनुदान आहे. परंतु ते चित्रपट पुरा होऊन त्याचा दर्जा ठरल्यावर हाती पडते. भूक लागली असता ताट वाढावयाचे सोडून, जेवून झाल्यावर ढेकर तपासून दक्षिणा देण्याचा हा प्रकार आहे! अशा वेळी ज्याच्यापाशी कथा आहे पण द्रव्य नाही, त्याने काय करावे? रॉटरडॅमच्या महोत्सवाने १९८८ साली ह्यूबर्ट बाल्स यांच्या नावे एक निधी सुरू केला. बर्लिनच्या महोत्सवाने २००४ पासून तसाच दुसरा चालविला. फ्रान्सचे सरकारही अशा चित्रपटांस साह्य देते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला पटकथेच्या अवस्थेत रॉटरडॅमचे साह्य मिळाले होते. त्या चित्रपटातील वृद्ध शाहिराची भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली करोनाने ते गेले. पण पडद्यावर त्यांच्या तोंडची मराठी रॉटरडॅमची होती, असे नागपूर-भंडाऱ्याच्या मनुष्यास तरी वाटणे शक्य नाही.

शिवाय ‘परका पैसा’ या शब्दांत एक मोठी फसगत आहे. ‘साबर बोंडं’च्या निर्मात्यांत परदेशी जाऊन राहिलेले आपलेच लोक आहेत. लंडनला राहणाऱ्या मुलाने गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारास देणगी पाठविली तर आपण त्याचे नाव संगमरवरावर कोरतो. त्याने चित्रपटास पैसा दिला की तो परका कसा होतो?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यास आम्ही अधिक मान देतो. ज्याचे मीठ खावे त्याची चाकरी करावी लागते. परदेशी पैसा घेतला की परदेशी रुचीप्रमाणे चित्रपट काढावा लागतो. आणि त्या रुचीस आमचे दारिद्र्य, आमचा अनाचार आणि आमचे अश्रू फार आवडतात, असे हे म्हणणे. यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. हा अनुभव भंडाऱ्यास आहे. २००६ साली मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा कॅमेरे आले. जानेवारी २०२१ मध्ये येथील जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके गेली, तेव्हा पुन्हा आले. ते यावयास नकोत असे आमचे म्हणणे नाही. न येते तर अधिक वाईट झाले असते. परंतु मधल्या वर्षांत या जिल्ह्यात माणसे राहतात, धान रोवतात, जुन्या मालगुजारी तलावांत मासे धरतात, मुलींची लग्ने ठरवितात आणि रात्रभर जागून नाटके पाहतात, याची बाहेरच्या डोळ्यांस गरज पडत नाही. आकांताच्या दिवशी तेवढे ज्यास ओळखले जाते, त्यास कॅमेऱ्याचे भय वाटले तर नवल नाही.

तेव्हा भय खरे आहे. परंतु भयाचे उत्तर तपासणी हे आहे, बहिष्कार हे नव्हे. परकी रुची या चित्रपटात कोठे शिरली आहे, ते दाखवा म्हणजे झाले. आम्ही परगावी जाऊन, तिकीट काढून हा चित्रपट पाहिला, आणि तो याच शंकेने पाहिला. आम्हांस त्यात दारिद्र्याचे प्रदर्शन दिसले नाही. गावकरी मंडळी राक्षस नाहीत. ती आपल्या सर्वांच्या घरी सुतकात जमतात तशीच माणसे आहेत. मेलेल्याविषयी चार शब्द हळहळतात, आणि पाचव्या शब्दाला जिवंताच्या लग्नाचा विषय काढतात. आई पतीच्या मरणाने खचलेली आहे, तरी मुलाच्या बाजूने नातलगांस उत्तर देत आहे. ती आपल्या मुलास ओळखून आहे आणि त्याच्यावर पूर्वीइतकेच प्रेम करीत आहे. ही आई युरोपच्या रुचीसाठी घडविली आहे, असे म्हणणाऱ्याने आपल्या घरच्या आयांस नीट पाहिलेले नाही. बाळ्या मित्रासाठी निवडुंगाची बोंडे आणतो; वर काटा आणि आत लाल गोडवा असलेले ते रानफळ खेड्यात बालपण गेलेल्या कोणासही समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते परक्याला, आणि चित्रपट तर ते सांगत बसत नाही. मग तो कोणास उद्देशून काढला आहे, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

दोष नाहीत असे नव्हे. कॅमेरा पुष्कळ वेळ एका जागी खिळून राहतो. काही प्रसंगांत ही स्थिरता शोकास शोभते, काही प्रसंगांत ती नुसती सवय वाटते. बाळ्याचे घर, त्याची शेती, त्याच्या मनाचा कोंडमारा यांस आणखी जागा हवी होती. मुंबईहून आलेल्या आनंदाच्या डोळ्यांनीच आपण गाव अधिक पाहतो. परंतु हे दोष कलेचे आहेत, पारपत्राचे नव्हेत. त्यांची चर्चा करावयाची तर चित्रपट पाहावा लागतो, आणि तेवढेच श्रम टाळण्यासाठी ‘परका’ हा शब्द सोयीचा पडतो.

हा शब्द खेड्यापाड्यांतल्या ओसरीवरच निघतो असे कोणी समजू नये. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटास २०२४ साली कान महोत्सवात दुसऱ्या क्रमांकाचा मोठा सन्मान मिळाला. तीस वर्षांनी प्रथमच एक भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत उतरला होता. फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली एवढ्यांनी मिळून तो उभा केला. पुढे ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडताना तो बाजूस राहिला, आणि फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी परीक्षकांचे मत म्हणून असे सांगितले की, भारतात घडणारा एक युरोपीय चित्रपट आपण पाहत आहोत असे त्यांस वाटले. दुसरा चित्रपट अधिक योग्य वाटला असता तर तसे म्हणण्याचा परीक्षकांस पूर्ण अधिकार होता, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. पण हे कारण? त्या चित्रपटात छाया कदम यांनी केलेली पार्वती ही रुग्णालयात स्वयंपाक करणारी विधवा आहे. कागद नाहीत म्हणून मुंबईतल्या राहत्या घरातून तिला उठावे लागते आणि ती कोकणातल्या आपल्या गावी परतते. मुंबईत राबून रिकाम्या हातांनी कोकणात परतलेल्या पार्वती आम्ही पाहिल्या आहेत. युरोपातली एकही आमच्या पाहण्यात नाही. चित्रपट संथ आहे, त्यात कोणी ओरडून रडत नाही, म्हणून तो युरोपचा ठरत असेल, तर शांतपणा आणि संयम हे गुण आपण होऊन युरोपास दान केल्यासारखे होईल. एवढे औदार्य आम्हांस परवडणारे नाही.

पण खरे सांगावयाचे तर, पैशाच्या आक्षेपामागे ‘साबर बोंडं’च्या बाबतीत एक तिसरा आक्षेप दडलेला आहे, आणि तो कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. पुरुषाचे पुरुषावर प्रेम, हा विषयच परका. पाश्चात्त्यांनी तो पैशाबरोबर पाठविला, असे पुष्कळांच्या मनात असते. गुरुजींनीही त्या रात्री तो उच्चारला नाही. बायकामुले बसली होती म्हणून त्यांनी पैशाचे नाव घेतले. आम्ही तो उघड करून त्यास उत्तर देतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मराठी मासिक चालविले आणि वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांस, यातील प्रश्नही धरून, शास्त्रीय उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा १९३४ साली कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाचे नाटक १९८१ साली मराठी रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी २००६ सालची. यांपैकी कोणत्या लेखकास लंडनहून हुंडी आली होती? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा प्रेमावरील गुन्ह्याचा डाग पुसून टाकला, तोही आमच्याच राज्यघटनेच्या आधाराने. विषय घरचा आहे आणि जुना आहे. नवे एवढेच, की तो आता मुंबईच्या दिवाणखान्यातून निघून खेड्यातल्या सुतकाच्या घरी आला आहे. तेथे तो पूर्वी नव्हता असे नव्हे. प्रत्येक तालुक्यात असे मुलगे आहेत, ज्यांची लग्ने बळेच लावली गेली. आणि अशा मुली आहेत, ज्यांचे आयुष्य त्या लग्नांत विनाकारण जळले. आईबापांनी हा चित्रपट मुलांबरोबर पाहावा की मुलांच्या आधी पाहावा, याविषयी मतभेद होऊ शकेल. पाहूच नये, असे म्हणणाऱ्याने मात्र त्या मुलींस काय उत्तर द्यावयाचे, ते आधी ठरवून ठेवावे.

येथवर आम्ही गुरुजींच्या पक्षाशी बोललो. आता वकिलांच्या पक्षास दोन शब्द. अमेरिकेत पारितोषिक मिळाले हा चित्रपट चांगला असल्याचा पुरावा असू शकेल. तो आपला असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ निघाला. मुंबईत तो एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. खेड्यांतून बैलगाड्या जुंपून माणसे तो पाहावयास आली. व्हेनिसचा गौरव त्यास १९३७ साली मिळाला, म्हणजे मराठी माणसाने त्यास हृदयाशी धरल्यानंतर. आज हा क्रम उलटला आहे. ‘कोर्ट’ला व्हेनिसने २०१४ साली गौरविले, मग आम्ही त्याचे नाव ऐकले. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात जयंत सोमलकर यांनी गावच्याच माणसांस घेऊन ‘स्थळ’ काढला. मुलगी पाहण्याच्या आमच्या पद्धतीवर इतके सरळ बोट ठेवणारा चित्रपट आमच्या पाहण्यात दुसरा नाही. तो कॅनडातील टोरांटोने २०२३ साली गौरविला, आणि आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. शेजारच्या जिल्ह्यातील गोष्ट टोरांटोस आधी कळावी आणि भंडाऱ्यास मागून, याचा वकिलांस अभिमान वाटतो. आम्हांस शरम वाटते. परक्याने शाबासकी दिली म्हणजे मग घरच्या मुलाकडे वळून पाहावयाचे, ही घरंदाज माणसाची रीत नव्हे. आणि उद्या परक्यांची रुची पालटली, त्यांनी शाबासकी देणे थांबविले, तर आपणही त्या मुलास घराबाहेर काढणार काय?

या अपराधात चित्रपट काढणारेही वाटेकरी आहेत, हे आम्ही त्यांच्या कौतुकाच्या भरात विसरणार नाही. बहुदेशीय निर्मितीत हक्कांची वाटणी फार काळजीने होते. अमुक देशातील चित्रगृहांचे हक्क कोणाचे, दूरचित्रवाणीचे कोणाचे, घरबसल्या पाहण्याचे कोणाचे, हे सारे कलमवार लिहिले जाते. त्या कागदात फ्रान्स असतो, ब्रिटन असते, फार झाले तर ‘भारत’ असा एक शब्द असतो. भंडारा नसतो. ज्या खेड्याच्या जिवावर चित्रपट उभा राहिला त्या खेड्याने, किंवा त्यासारख्या हजार खेड्यांनी, तो केव्हा, कोठे आणि किती पैशांत पाहावा, याचे कलम कोणत्याही करारात घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुण्या-मुंबईच्या चित्रगृहांतून थोडे दिवस चालला म्हणजे चित्रपट महाराष्ट्रात प्रदर्शित झाला, असे समजणाऱ्यांनी महाराष्ट्राचा नकाशा पूर्वेकडे थोडा उलगडून पाहावा.

येथे कोणी म्हणेल, की असले संथ, गंभीर चित्रपट खेड्यात कोण पाहणार? हे म्हणणाऱ्यास झाडीपट्टीची नाटके ठाऊक नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या आणि रानाच्या मुलखात दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा येथे नाटक कंपन्या बिऱ्हाड करून असतात. गावचे मंडळ कंपनीस रक्कम ठरवून बोलाविते, तिकिटे विकून ती उभी करते, आणि रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटे पडतो. सरकारचे साह्य नाही, परदेशचा निधी नाही; चार पायली धान विकून तिकीट काढणारा प्रेक्षक हाच येथला आश्रयदाता. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण पद्मश्रीच्या कितीतरी आधी येथील माणसांनी त्यांस आपले म्हटले होते. नाटके सारीच उत्तम असतात असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ भडक असतात, काही तर केवळ नाचगाण्यांवर तरतात. परंतु निवाडा करण्याची सवय या प्रेक्षकास आहे. वाईट नाटकास तो उठून जातो, चांगल्यास थंडीत कुडकुडत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर त्याची चिरफाड करतो. स्वतःच्या पैशाने पाहून स्वतःच्या बुद्धीने पारखणारा एवढा मोठा समाज जेथे आहे, तेथे गंभीर चित्रपटास प्रेक्षक नाही म्हणणे म्हणजे विहिरीत दोर न टाकता पाणी नाही म्हणण्यासारखे आहे.

या वादात आमचे काय पणास लागले आहे, तेही सांगून टाकतो. झाडीबोली ही आमची बोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचे शब्द वेचून कोश केला, म्हणून ती कागदावर तरी राहिली. पडद्यावर तिचा मोठा चित्रपट अद्याप व्हावयाचा आहे. २०२२ साली तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ने या मुलखातील नाटकमंडळींस पडद्यावर आणले, ही सुरुवात झाली. उद्या पवनीचा किंवा लाखांदूरचा एखादा मुलगा, वैनगंगेच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावाची गोष्ट किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत उतरणाऱ्या आपल्या बापाची गोष्ट आपल्या आईच्या बोलीत सांगावयास निघेल. त्याच्यापाशी द्रव्य नसणार. मुंबईचा सावकार त्याची बोली ऐकून हसणार. अशा वेळी दूर देशीच्या एखाद्या निधीने त्यास हात दिला, तर ‘परक्याचा झाला’ म्हणून आपण त्यास वाळीत टाकणार काय? आणि न दिला, तर आपण कोठे असणार आहोत?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सरकारने मराठी चित्रपटास अनुदान द्यावे, ते काही अंशी आधी द्यावे, आणि त्यास अट घालावी, की प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी चार दिवस तरी तो माफक दरात दाखविला पाहिजे. चित्रपट काढणाऱ्यांनी परदेशी भागीदारांशी करार करताना वाचनालये, महाविद्यालये आणि गावोगावची मंडळे यांस दाखविण्याचा हक्क स्वतःकडे राखावा. त्यात त्यांचे द्रव्य फारसे बुडत नाही आणि अब्रू पुष्कळ राहते. आणि सुशिक्षित मंडळींनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, वर्गणी काढून एक पडदा आणि एक यंत्र मिळवावे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर एवढेच तर सात तालुके. गणपतीस आपण याहून अधिक वर्गणी काढतो.

त्या रात्री नाटकाची घंटा झाली, तेव्हा गुरुजी उठता उठता म्हणाले, “दाखवाल तर पाहीन. पण आवडला नाही तर आवडला नाही म्हणेन.” आम्ही म्हटले, गुरुजी, तुमच्याकडून आम्हांस एवढेच हवे होते. चित्रपट आपला होतो तो पैसा देशी असल्याने नव्हे आणि पदक विलायती असल्यानेही नव्हे. ज्यांच्या भाषेत तो बोलतो त्यांनी तो डोळे भरून पाहिला, त्यावर भांडण केले आणि आपल्या तोंडाने त्याचा न्याय केला, म्हणजे तो आपला होतो. तो न्याय करण्याचा हक्क आपण आजवर कधी पैशावर आणि कधी पदकावर ढकलीत आलो. यजमानांचा प्रश्न मात्र अजून तसाच ओसरीवर बसून आहे. त्यास उत्तर सन्डान्सने द्यावयाचे नाही, लंडननेही नाही. ते आपणच द्यावयाचे आहे.